एकसष्टावी लिफ्ट

४ ऑक्टोबर, सोमवार

ही वही बायकोने दिली. म्हणाली, "दुकानातलं सगळं मला सकाळी पेपर वाचताना सांगू नकोस, हिला सांग." तेव्हा सुरुवात करतो.

आमचा लिफ्ट दुरुस्तीचा धंदा. वडिलांनी उभा केला, आता ताई आणि मी चालवतो. साठ लिफ्ट, पाच मेकॅनिक. पुढच्या खोलीत ताई बसते, तिच्यासमोर एक फोन आणि एक जाडजूड रजिस्टर. आतल्या केबिनमध्ये मी: करार, बिलं, पत्रव्यवहार. डोक्याचं काम आत, बोलण्याचं काम बाहेर, अशी सरळ वाटणी आहे.

आज टेकडीवरच्या वसाहतीचे सेक्रेटरी आले. साठातल्या बावीस लिफ्ट त्यांच्या. म्हणाले, "तुमचं काम चोख आहे, पण तुमचा फोन कधी लागत नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लोकांना मोबाइलवर तक्रार टाकता आली पाहिजे आणि मेकॅनिक कधी येणार ते दिसलं पाहिजे. नाहीतर मोठ्या कंपनीला देतो." बावीस लिफ्ट गेल्या तर दोन मेकॅनिकना घरी पाठवावं लागेल. लंबू सर्वांत नवा, म्हणजे पहिला तोच. त्याला दोन महिन्यांपूर्वी जुळी झाली आहेत.

मी ताईला म्हटलं, "आपल्याला वेब ॲप करून घ्यावं लागेल, आणि ते कोणत्या प्लॅटफॉर्मवर करायचं ते मी ठरवतो." ताई म्हणाली, "ठरव की. मला त्यातलं काय कळतंय." इतका समजूतदारपणा तिने लहानपणी दाखवला असता तर माझे बरेच धपाटे वाचले असते.

सेक्रेटरींना सोडायला त्यांच्या वसाहतीपर्यंत गेलो. ते लिफ्टने वर गेले, मी जिन्याने. मी नेहमी जिन्यानेच जातो. व्यायाम होतो.

५ ऑक्टोबर, मंगळवार

चौतीस प्रश्नांचा तक्ता केला. प्रत्येक प्रश्नाला दहा गुण. आपला डेटा कुठे राहणार, किती लोकांना लॉगिन मिळणार, पुढे बदल करता येतील का, वगैरे. पट्टीने रेघा मारल्या. असा तक्ता या धंद्यात कुणी केला नसेल.

बायकोने विचारलं, "प्लॅटफॉर्म म्हणजे काय?" मी म्हटलं, "घर बांधायला आधी जमीन लागते, तसं. त्याच्यावर ॲप उभं राहतं." ती म्हणाली, "मग घरात राहणार कोण, त्यांना विचारलंस का?" बायकांना मूळ मुद्दा सोडून भलतीकडे जायची सवय असते. चौतिसाव्या प्रश्नाखाली रेघ मारून तक्ता बंद केला.

७ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला उमेदवार आला. मेकॅनिक लोकांनी त्याला दारातच "टाय" असं नाव ठेवलं. या लोकांना नावं ठेवल्याशिवाय पाणी पचत नाही. त्याचा प्लॅटफॉर्म तयार आहे, जगात अनेक कंपन्या वापरतात म्हणे, आपण फक्त माणशी दरमहा भाडं भरायचं. पडद्यावर गोल तक्ते, रंगीत खांब, सगळं झकास. प्रश्न बारावा: आम्ही सोडून गेलो तर आमचा डेटा आम्हाला परत मिळेल का? टाय हसून म्हणाला, "सोडावंसं वाटणारच नाही, सर." उत्तर आवडलं. आठ गुण दिले.

मिस्त्री आमचा सर्वांत जुना मेकॅनिक. तो मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "साहेब, याला लागतो तसला फोन माझ्याकडे नाही. माझ्याकडचा फोन पाचव्या मजल्यावरून पडून जगलाय." मी त्याला कामाला जायला सांगितलं.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरा उमेदवार. याचं नाव पडलं "होऊन जाईल". काहीही विचारा, हेच उत्तर. याच्या प्लॅटफॉर्मवर प्रोग्रॅम लिहावाच लागत नाही, तयार ठोकळे ओढून एकमेकांना जोडायचे. दहा मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर तक्रारीचा फॉर्म उभा केला. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

मिस्त्रीने विचारलं, "तळघरात नेटवर्क नसतं. तिथे कसं चालणार?"

"होऊन जाईल."

"पण कसं?"

"काका, होऊन जाईल ना."

मी मिस्त्रीकडे डोळे वटारले. प्रत्येक गोष्टीत खुसपट काढलं तर कशी प्रगती व्हायची.

आणि हे सगळं चालू असताना बाहेर ताई फोनवर. मी घड्याळ लावलं: चाळीस मिनिटं. कुणातरी मुलीशी पोहण्याच्या गप्पा. "पाण्यात तोंड घातल्यावर श्वास कसा सोडतेस? मला मोजून दाखव बरं. अजून एकदा." ही काय धंद्याची वेळ आहे पोहण्याची? सेक्रेटरींना फोन लागत नाही तो असा. मी केबिनचं दार जरा जोरातच लावून घेतलं.

११ ऑक्टोबर, सोमवार

तिसरी उमेदवार एक मुलगी, पंचविशीची असेल. लॅपटॉपचं एक बिजागर चिकटपट्टीने बांधलेलं. चौतिसांपैकी नऊ प्रश्नांना "नक्की माहीत नाही, बघते" असं उत्तर. नाव अर्थातच "बघते" पडलं. म्हणाली, "मी कुणालाही मोफत वापरता येतो अशा प्लॅटफॉर्मवर लिहीन. कोड तुमच्या मालकीचा राहील. पण कुठला घ्यायचा ते आत्ता नाही सांगता येणार. आधी तीन दिवस पुढच्या खोलीत बसू का?"

मी विचारलं, "बसून काय करणार?"

"बसणार."

आता बोला. एकशे अठ्ठेचाळीस गुण. बाकी दोघे पावणेतीनशेच्या वर आहेत. पण ताईने आपल्या बाजूची खुर्ची पुसून तिला दिली, तेव्हा नाही म्हणता आलं नाही.

१३ ऑक्टोबर, बुधवार

ॲपमध्ये घालायला लिफ्टची यादी हवी. माझ्याकडे करारांवरून साठ आकडे तयार: अ-एक, अ-दोन, ब-एक. मेकॅनिकना वाचून दाखवले तर पाचही जण माझ्याकडे बघत राहिले. यांना एकाही लिफ्टचा नंबर माहीत नाही. पंचवीस वर्षं हे लोक लिफ्टना हाका मारतात. वर जाताना कुरकुरते ती "रडकी". दार उघडते, मिटते, पुन्हा उघडते ती "लाजाळू". दिवसभर आवाज करते पण कधी बंद पडत नाही ती "सासूबाई". दोन मजल्यांच्या मधे थांबून विचार करते ती "दोन मनाची". रजिस्टरमध्ये ताईही याच नावांनी लिहिते. मी हे रजिस्टर आज पहिल्यांदा उघडलं. कपाळावर हात मारला.

मग त्यांची नावं एका कागदावर घेतली. मोजली तर एकसष्ट. पुन्हा मोजली, एकसष्टच. माझ्या साठांशी ताडून पाहिली, तर एक नाव उरलं: "बंद दार".

लंबूला विचारलं, ही कुठे आहे? त्याला खोकल्याची उबळ आली. मिस्त्री म्हणाला, "ताईंना विचारा." ताई म्हणाली, "आहे एक जुनं. वडिलांच्या वेळचं." आणि फोन उचलला. बघते खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होती, तिचे कान लाल झाले होते. या खोलीत सर्दीची साथ आलेली दिसते.

म्हणजे एक लिफ्ट आपण वर्षानुवर्षं बिल न लावता सांभाळतोय. शोधून काढली पाहिजे.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

रजिस्टर चाळलं. बंद दारच्या नोंदी बऱ्याच आहेत. "बंद दार: सकाळपासून आवाज करतंय. हात लावला नाही." "बंद दार: आज नीट चाललं, पगार वेळेवर." याचा अर्थ लागत नाही, बहुधा दोन नोंदींची सरमिसळ झाली असावी. "बंद दार: पुन्हा अडकलं. आपोआप सुटेल." आपोआप सुटेल म्हणजे काय? उद्या कुणाला इजा झाली तर? सगळ्या इमारतींना पत्र लिहून विचारावं असं ठरवलं, मसुदा केला.

बघतेचे तीन दिवस काल संपले. रेघा आणि ठिपके यांनी भरलेली वही घेऊन गेली. मला एक शब्द विचारला नाही. जाताना ताईला मात्र म्हणाली, "ताई, येते हं, पुन्हा बोलू आपण." कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच.

अंतिम गुण: होऊन जाईल दोनशे एक्क्याण्णव, टाय दोनशे सत्त्याऐंशी, बघते एकशे अठ्ठेचाळीस. होऊन जाईलला कळवलं. वसाहतीत गुरुवारी चाचणी.

१६ ऑक्टोबर, शनिवार

आज ताईला आनंदाची बातमी दिली. म्हटलं, एक तारखेपासून सगळ्या तक्रारी थेट मेकॅनिकच्या मोबाइलवर जातील. फोनची कटकट संपली. तुला आता रोज यायची गरज नाही, खूप झाले कष्ट, घरी आराम कर.

ताई म्हणाली, "बरं झालं." मग तिने कप धुतले. मघाशीच धुतलेले होते, तरी पुन्हा धुतले. नंतर मेजावरचा फोन पुसला, त्याची वायर सरळ केली, आणि चहा न पिता निघाली. इतकी वर्षं चहा सोडून गेलेली आठवत नाही. थकली आहे बिचारी, विश्रांतीची वेळ झालीच होती. आपण मोठ्या बहिणीसाठी काहीतरी केलं याचं मनापासून समाधान वाटलं.

बायकोला सांगितलं तर पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तू धन्य आहेस," म्हणाली.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

आणखी एक कल्पना सुचली, माझी स्वतःची. प्रत्येक लिफ्टमध्ये आमचा स्टिकर असतो: "अडचण आल्यास फोन करा" आणि खाली ताईचा नंबर. तो नंबर तिथे असेपर्यंत लोक फोनच करत राहणार. म्हणून नवे स्टिकर छापले. नंबर नाही, फक्त मोबाइलने टिपायचा चौकोनी कोड. वसाहतीतल्या बावीस लिफ्टमधले जुने स्टिकर खरवडून नवे लावले. स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, सरळ. प्रत्येक लिफ्ट खालच्या मजल्यावर थांबवून, लंबूला दारात उभं करून. म्हटलं, दार मिटता कामा नये, मापं चुकतात.

मिस्त्रीने स्टिकर पाहिला आणि विचारलं, "साहेब, ताईंचा नंबर?" मी म्हटलं, "जमाना बदलला."

२१ ऑक्टोबर, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

अकरा वाजता वसाहतीत पोचलो. होऊन जाईल खाली लॅपटॉप उघडून बसला. सेक्रेटरी म्हणाले, "चला, लिफ्टमध्ये जाऊन तक्रार टाकून बघू." मी म्हटलं, मी जिन्याने येतो. ते म्हणाले, "लिफ्टवाल्यानेच जिना धरला तर आम्ही काय करायचं?" जाणं भाग पडलं.

ब-दोन. दार मिटलं. चौथा मजला गेला, आणि चौथा आणि पाचवा यांच्यामध्ये लिफ्ट थांबली. मला वाटलं, सेक्रेटरींनी बटण दाबलं. त्यांना वाटलं, मी.

मी शांतपणे म्हटलं, "उत्तम. आता खरीच चाचणी होईल." कोड टिपला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरत राहिला. सेक्रेटरींच्या फोनवरही तसाच गोल. मग पंखा थांबला. घंटा दाबली, कुणी आलं नाही. घंटा गेले काही दिवस रोज कुणीतरी चाचणीसाठी दाबत होतं, चाचणी अर्थात माझीच.

पाच मिनिटांनी सेक्रेटरी खाली बसले. चेहरा पांढराफटक, कॉलर भिजलेली. "मला हवा लागत नाही," म्हणाले. त्यांनी वर बघून स्टिकर वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "इथे एक नंबर होता ना?" त्या क्षणी मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण जमीन चार मजले खाली होती.

माझ्या फोनमध्ये ताईचा नंबर होताच. इंटरनेट चालत नव्हतं, पण फोन लागला. पहिल्या रिंगला उचलला.

मी म्हटलं, "ब-दोनमध्ये—"

"आरसा तडकलेला आहे का कोपऱ्यात?"

"हो."

"म्हणजे दोन मनाची. मिस्त्री टेकडीखाली आहे, येऊन सोडवेपर्यंत पंचवीस मिनिटं धर. बरोबर कोण आहे?"

"सेक्रेटरी. त्यांना बरं वाटत नाहीये."

"फोन त्यांना दे."

आणि मग मी जे ऐकलं ते मी गेली पंचवीस वर्षं दाराआडून ऐकत होतो. ताईने त्यांना शर्टाचं वरचं बटण सोडायला लावलं. पाठ भिंतीला टेकायला लावली. लिफ्ट खाली पडत नाही, दोर पाच आहेत आणि एकसुद्धा पुरतो, हे सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या गच्चीत कुंड्या आहेत म्हणे, काय लावलंय?" सेक्रेटरी आधी एकेक शब्द बोलले. मग टोमॅटोवर आले. मग टोमॅटोवर पडणाऱ्या किडीवर. दहा मिनिटांनी ते मांडी घालून ताईला खत कधी घालायचं ते समजावत होते. ती पोहणारी मुलगी आठवली. ती कुठल्या लिफ्टमध्ये होती कोण जाणे. मी दार आपटलं होतं.

शेवटी ताई म्हणाली, "आता त्याला द्या." मी फोन घेतला, म्हटलं, "मी ठीक आहे."

"हो ना. कपाटात अडकला होतास तेव्हाही असंच म्हणालास."

सहा वर्षांचा होतो. लपाछपी खेळताना वडिलांच्या कपाटात शिरलो आणि कडी लागली. किल्ली वडिलांकडे, वडील कामावर. ताई बाहेर फरशीवर बसून होती ते येईपर्यंत. ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. जिन्याची सवय तेव्हापासूनची. व्यायाम वगैरे सगळं नंतर सुचलेलं, हे आज इथे लिहून टाकतो.

ताई म्हणाली, "तेव्हा काय म्हणत होतो आपण?"

"सतराचा पाढा."

"म्हण मग. सतरा एके सतरा."

"सतरा दुणे चौतीस," मी म्हटलं. सेक्रेटरी ऐकत होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्यांदा सतराचा पाढा चालू असताना वरून मिस्त्रीची हाक आली आणि लिफ्ट हळूहळू सरकायला लागली.

खाली होऊन जाईल विचारत होता, "कशी झाली चाचणी?" सेक्रेटरी सरळ पाण्याच्या नळाकडे गेले. मीही.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी ताईच्या आधी गेलो. ती आल्यावर म्हटलं, "चुकलो." तिने पिशवी ठेवली, म्हणाली, "बस." दिवसभर तिच्या शेजारी बसलो.

संध्याकाळी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस कधी, की फोनवर हे करतेस?"

"आले होते सांगायला. तू म्हणालास, जे काय असेल ते कागदावर लिहून दाराखालून सरकव."

मी असं म्हणालो होतो. तारीखसुद्धा आठवते. मान वर करवेना.

"मला घरी पाठवायला निघालास ना," ती म्हणाली, "तेव्हा राग नाही आला. भीती वाटली. फोन वाजला नाही तर मी दिवसभर करू काय, सांग." आणि तिने डोळे पुसले. मीही पुसले. लंबू आत येत होता, तो उलट पावली बाहेर गेला.

दुपारी सेक्रेटरींचा फोन आला होता. मला वाटलं, संपलं. ते ताईला म्हणाले, "मरेपर्यंत तुम्हीच. पण ताई, फोन लागत नाही ही तक्रार अजून आहेच. एक तारखेला काहीतरी दाखवा, मला कमिटीला उत्तर द्यायचंय." खरंच आहे ते. ताईचंही खरं, त्यांचंही खरं, मग करायचं काय? मी स्वतः बघतेला फोन लावला आणि तोंडातून "प्लीज" असा शब्द गेला.

२५ ऑक्टोबर, सोमवार

बघतेने तीन दिवसांची वही उघडली. त्या रेघा म्हणजे फोन होते. एकूण एकशे बारा. "मेकॅनिक कधी येणार?" असं विचारणारे एकाहत्तर. दिवा, पंखा, आवाज असले सदतीस. आणि लिफ्टमध्ये अडकलेले चार.

"हे एकशे आठ फोन ॲपवर गेले," ती म्हणाली, "तर त्या चौघांना ताईंचा फोन पहिल्या रिंगला लागेल. गुरुवारी तुम्हाला लागला, कारण बावीस लिफ्टचे लोक तुमच्या कोडशी झटापट करत होते."

चौतीस प्रश्नांत हा प्रश्नच नव्हता. तिने मग प्लॅटफॉर्म सांगितला. नाव साधंच आहे, मेकॅनिकच्या जुन्या फोनवर नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडतो, तळघरात नेटवर्क गेलं तर लिहिलेलं सांभाळून ठेवतो आणि वर आल्यावर पाठवतो. डेटा आपला, सोडून जायचं तर सगळं बरोबर नेता येतं. मिस्त्रीने आपला पडका फोन काढून तिथल्या तिथे उघडून बघितला आणि मान हलवली.

मी भीत भीत विचारलं, "आणि उद्या तू नसलीस तर हे कोण बघणार?"

"तुमच्या तक्त्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, एकोणतिसावा," ती म्हणाली. "म्हणूनच पुष्कळ लोकांना येतो असा प्लॅटफॉर्म घेतलाय. प्रत्येक गोष्ट लिहून ठेवीन, दुसरा कुणीही उचलू शकेल." म्हणजे तक्ता अगदीच वाया गेला नाही. आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

तिला बसायला मेज नव्हतं. मी मिस्त्रीला सांगून केबिनचं दार बिजागरांतून काढवलं आणि दोन स्टुलांवर आडवं टाकलं. छान मेज झालं. माझंही टेबल पुढच्या खोलीत आणलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मिस्त्रीने तर पाना खाली ठेवला. दार काढण्यात एवढं बघण्यासारखं काय आहे?

२८ ऑक्टोबर, गुरुवार

एक तारखेला दोनच पानं दाखवायची असं ठरलं: तक्रार टाका, आणि मेकॅनिक कुठवर आला ते बघा. पहिल्याच पानावर वर मोठं लाल बटण, "मी अडकलो आहे". ते दाबलं की फॉर्म उघडत नाही, थेट ताईला फोन लागतो. ही ताईची अट. लिफ्टच्या नंबरशेजारी एक रकाना आहे, त्याला "हाक" असं नाव दिलंय. लाजाळू, रडकी सगळ्या तिथे आल्या.

बावीस स्टिकर पुन्हा बदलले. कोड खाली, ताईचा नंबर वर, दुप्पट मोठा. दोन मनाचीत स्टिकर लावताना लंबूला म्हटलं, "दार मिटू दे." एक मजला वर गेलो. सतरा चोकपर्यंत पोचलो तेवढ्यात आलाच मजला.

बंद दारचा पत्ता अजून लागलेला नाही. पत्रांचा गठ्ठा लंबूकडे टपालात टाकायला दिला होता, तो म्हणतो हरवला.

१ नोव्हेंबर, सोमवार

चाललं. सेक्रेटरींनी स्वतः पहिली तक्रार टाकली, "लाजाळूचा दिवा मिणमिणतो", आणि लंबू टेकडी चढताना त्यांना पडद्यावर दिसला. करार पाच वर्षांचा झाला. लंबूने जुळ्यांचा फोटो सगळ्यांना दाखवला, मला दोनदा. दुपारपर्यंत ताईचा फोन तीनदाच वाजला. त्यातला एक आजोबांचा होता, सतरा मिनिटं, विषय बुद्धिबळ.

संध्याकाळी सगळे दाराच्या मेजाभोवती जमले होते. मी सहज एकूण आकडा पाहिला: एकसष्ट. म्हटलं, "अरे, ते बंद दार यात पण आलंय. पत्ता कुणी भरला?"

बघते लॅपटॉपच्या चिकटपट्टीकडे बघायला लागली. मी ते नाव दाबलं. पान उघडलं. जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे:

हाक: बंद दार. पत्ता: आतली केबिन. वय: छप्पन्न.

८ ऑक्टोबर: दाणकन मिटलं. हात लावला नाही.

१६ ऑक्टोबर: ताईला घरी पाठवायचं म्हणतंय. तपासणी हवी.

२१ ऑक्टोबर: दोन मनाचीत अडकलं. फोनवर सोडवलं.

२५ ऑक्टोबर: बिजागरांतून आपणहून निघालं.

स्थिती: चालू. लक्ष ठेवावे. मेकॅनिक: ताई.

मी दोनदा वाचलं. पाचही मेकॅनिकना एकदम खोकला आला. ताई खिडकीकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. मग मलाच हसू फुटलं, आणि एकदा सुटलं ते आवरेना. मला इतकं हसताना या खोलीने कधी पाहिलं नसावं. मिस्त्रीने पाण्याचा ग्लास आणून दिला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ते होय? मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. ताईंनीच सावध केलं होतं."

"आणि तरी केलंस?"

"त्या म्हणाल्या, जुनं आहे, पण कडी बाहेरून लागलेली आहे, त्याचा दोष नाही." आणि तिने पेपर उचलला.

उद्याचं काम: करारांच्या यादीत दुरुस्ती. एकूण लिफ्ट एकसष्ट, बिल साठांचं. एकसष्टाव्याची देखभाल ताईकडे, विनामूल्य, आणि तिने रोज यायचं.